वाईट बातमीचा चहा

रंगारी काका सकाळी साइटवर आले की नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत पडत नसत. गेटातून आत शिरल्यावर जो पहिला माणूस दिसेल, मग तो मिस्त्री असो, लोखंड बांधणारा असो की चौकीदार, त्याच्यासमोर उभे राहून ते विचारायचे, "बोल, आज काय होनार नाही?" मराठी न येणाऱ्यांना हाच प्रश्न छत्तीसगढीत, "का जी, आज का नइ होही?" मग शर्टाच्या खिशातून फुटाणे काढून एकेक तोंडात टाकत उत्तराची वाट पाहायचे. समोरचा आधी हसायचा, मग डोकं खाजवायचा, मग आभाळाकडे बघायचा. काकांचे फुटाणे चालूच. शेवटी त्या माणसाला ती शांतता सोसवायची नाही आणि तो खरं काय ते बोलून टाकायचा.

मनोहर रंगारी हे त्यांचं पूर्ण नाव. रायपूरमधल्या एका बांधकाम कंपनीत ते प्रोजेक्ट मॅनेजर होते. आडनावामुळे नवीन लोक त्यांना रंगाचे ठेकेदार समजून भाव विचारायचे आणि काका गंभीर चेहऱ्यानं भाव सांगायचेसुद्धा. मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत लागले म्हणून सगळे रायपूरला आले आणि बूढापाऱ्यात, तलावामागच्या एका गल्लीत घर केलं. आमचीही गोष्ट तीच, फक्त भंडाऱ्याच्या जागी गोंदिया. त्यामुळे ऑफिसात बाकी सगळे 'रंगारी सर' म्हणत असताना मी मात्र लवकरच 'काका' म्हणू लागले. दिवसभर हिंदी चालायची. आम्ही दोघं बोलायचो ते आपलं मराठी, ज्याला पुण्याची माझी मामेबहीण अजूनही 'मराठीसारखं काहीतरी' म्हणते.

मी सिव्हिल इंजिनिअर. कंपनीच्या समता कॉलोनीतल्या ऑफिसात बसून नकाशे काढायचे, सिमेंट-लोखंडाचा हिशेब मांडायचा, हे माझं काम आणि ते मला आवडायचं. संध्याकाळी कागदावर काहीतरी पूर्ण झालेलं दिसायचं. पण बरोबरीचे सगळे म्हणायचे की नकाशात म्हातारी होशील, मॅनेजमेंटमध्ये जा. त्यांचं ऐकून मी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा एक ऑनलाइन कोर्सही केला. कंपनीच्या मालकांना, आम्ही सगळे त्यांना भैयाजी म्हणायचो, ते कळलं आणि त्यांनी मला रंगारी काकांच्या हाताखाली साइटवर धाडलं. नर्सिंगच्या मुलींसाठी एका ट्रस्टचं वसतिगृह बांधायचं होतं.

पहिल्याच सकाळी तो प्रश्न माझ्या वाट्याला आला. मी ताठ उभी राहून म्हणाले, "सगळं होईल काका. प्लॅनप्रमाणे."

काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सगळं होते म्हननाऱ्या मानसाची मले लई भीती वाटते, पोरी. त्यानं एक तर काम पाहिलं नसते, नाही तर मले पाहिलं नसते."

या प्रश्नामागे त्यांचा एक हिशेब होता. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. कुणाला काही सांगा, उत्तर येतं "हव", म्हणजे हो. पाइप उद्या येणार? हव. प्लास्टर सोमवारी संपणार? हव. त्यात लबाडी नसते. समोरच्या माणसाचं मन मोडू नये, एवढाच भाव असतो. पाहुण्याला दारातून परत पाठवू नये तसा. काका म्हणायचे, "हे लोक चांगले आहेत म्हून आपलं काम बिघडते. वाईट असते त सरळ नाही म्हनले असते." म्हणून त्यांनी प्रश्नच उलटा करून टाकला होता. काय होणार नाही असं विचारलं की 'हव' म्हणून सुटता येत नाही.

दुसरा नियम चहाचा. जो वाईट बातमी घेऊन येईल, त्याला काका स्वतः गेटाबाहेरच्या साहू भैयाच्या टपरीवर नेऊन चहा पाजायचे. एकदा एका मिस्त्रीनं जिन्याच्या पायऱ्या चुकीच्या मापानं ओतल्या आणि घाबरत घाबरत स्वतःच येऊन सांगितलं. काकांचा चेहरा क्षणभर एरंडेल प्यायल्यासारखा झाला. मग म्हणाले, "चल भाई, चाय पीते हैं." पायऱ्या तोडाव्या लागल्या, पण त्या मिस्त्रीनं नंतर काही लपवलं नाही. लपवणाऱ्यावर काका ओरडायचेही नाहीत. फक्त त्याला चहाला विचारायचे नाहीत, आणि आमच्या साइटवर यापरती नामुष्की नव्हती. साहू भैया तर काका कुणाला घेऊन येताना दिसले की तिथूनच विचारायचा, "आज का बिगड़ गे साहेब?"

हे सगळं पाहत असताना माझ्या मनात एकच घोळत होतं. हे काम आपलं आहे का? दिवसभर पायपीट, फोन, समजुती काढणं, आणि संध्याकाळी हातात काय, तर काहीच नाही. भिंत मिस्त्रीनं बांधलेली, तार इलेक्ट्रिशियननं ओढलेली. घरी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "पगार वाढते न? मंग?" शेवटी टपरीवर मी काकांनाच विचारलं, "काका, मला जमेल का हे?"

"जमन्याचं सोड," ते म्हणाले. "जमते सगळ्याइले. दूध सगळ्याइले पिता येते. मानवते का, ते पाहा लागते."

"आणि ते कसं कळणार?"

"पोटात दुखलं की कळते," असं म्हणून ते स्वतःच खो खो हसले. मग जरा थांबून म्हणाले, "आपल्या हातचं काहीच नसते या कामात, आन सगळं आपल्या माथ्यावर असते. हे ज्याले चालते त्याले मानवते."

"तुम्हाला मानवलं?"

त्यांनी ग्लासातला उरलेला चहा मातीवर ओतला. "मले जमलं," एवढंच म्हणाले आणि उठले. त्या वेळी मला वाटलं, विनय आहे.

वसतिगृह वर चढत गेलं. मी कोर्समध्ये शिकल्याप्रमाणे कामाचा रंगीत तक्ता केला होता आणि काकांनी तो कौतुकानं साइटच्या खोलीत चिकटवला होता. तक्त्यात मी धानकटाईचे, म्हणजे भातकापणीचे, दिवससुद्धा घातले होते, त्याचं तर त्यांनी येईल त्याला सांगून नकोसं केलं. "पोरीनं धान बी टाकलं तक्त्यात!" आमचे बहुतेक मजूर आसपासच्या गावांतले. शेतात धान पिकलं की ते कापणीला जाणार म्हणजे जाणारच. त्यात ठेकेदाराचं चालत नाही आणि मालकाचंही नाही. पण त्या वर्षी सगळंच काम मागे पडलं होतं. बाथरूमच्या फरशीखाली पाणी अडवणारा थर देणाऱ्या टोळीला काकांनी विचारलं, तिसरा मजला करून जाल ना? ते म्हणाले, हव. आणि एका सकाळी मी वर गेले तर तिसरा मजला रिकामा. टोळी गावी गेलेली.

मी धावत खाली आले. "काका, तिसऱ्या मजल्यावरचे बाथरूम होणार नाहीत. थर द्यायचा, मग पाणी भरून ठेवून गळतं का ते बघायचं. ठरलेल्या तारखेआधी बसतच नाही. तसंच मुलींना आणलं तर खालच्या खोल्यांत पाणी उतरेल, तारांमध्ये जाईल."

काकांनी फुटाणे काढले, पण खाल्ले नाहीत. मग नेहमीसारखे म्हणाले, "चाल, चहा पिऊ." आम्ही चहा प्यायलो. मला बरं वाटलं. बातमी पोचवली होती, आता ती वर नेणं त्यांचं काम होतं. त्याच दुपारी भैयाजी आणि ट्रस्टच्या मॅडम येणार होत्या.

तळमजल्याच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बैठक बसली. समोसे आले. मॅडम म्हणाल्या, मुलींना येण्याची तारीख कळवून झाली आहे. भैयाजींनी काकांकडे वळून विचारलं, "तो रंगारी जी, तारीख पक्की?"

काका म्हणाले, "हव भैयाजी, हो जाएगा."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं. काका समोशाच्या बशीकडे पाहत होते. भैयाजी खुशीत आले. काकांच्या त्या प्रश्नाची ते नेहमी थट्टा करायचे, तशीच करत माझ्याकडे वळून म्हणाले, "और तुम बताओ प्रणाली, आज का नइ होही?" सगळे हसले. काकाही हसले.

मी बोलले. भैयाजींच्या डोळ्यांत बघून, नीट क्रमवार, सगळं बोलले. मजूर गेले, थर नाही, पाणी भरून पाहायला वेळ नाही, मुलींना त्या तारखेला आणता येणार नाही. मॅडमनी दोन-तीन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरंही माझ्याकडे तयार होती. मी खरं तेच बोलत होते आणि ते बोलायलाच हवं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण हेही सांगायला हवं की बोलताना माझा आवाज चांगला लागला होता. परीक्षेत नेमका पाठ असलेला प्रश्न आल्यावर लागतो तसा. मुलींच्या काळजीनं बोलत होते की भैयाजींनी आपल्याला पाहावं म्हणून, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. दर वेळी उत्तर थोडं वेगळं येतं आणि दर वेळी पोटात दुखतं.

तारीख पुढे गेली. भैयाजी सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत. माणसं पांगल्यावर काका माझ्याजवळ आले. मी मान खाली घालून उभी होते. म्हणाले, "चाल, चहा पिऊ."

"काका, नको."

"नको कशी? बातमी आनली तुनं. चहा त लागते."

साहू भैयानं विचारलं, आज का बिगड़ गे? काकांनी दोन बोटं दाखवून चहा सांगितला. माझ्या ग्लासातल्या चहावर साय धरली, मी तो प्यायले नाही. काका आपला चहा सावकाश प्यायले आणि पैसे देऊन घरी गेले.

नंतर जे झालं ते फार सभ्यपणे झालं. काकांना 'सल्लागार' केलं आणि ऑफिसात गोदामाजवळ टेबल दिलं. त्या टेबलाकडे सल्ला मागायला कुणी जात नाही, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. आणि भैयाजींनी मला बोलावून सांगितलं की रंगारीजींची जागा तू घे. विचार करून सांगते, असं म्हणून मी बाहेर आले. घरी आई पेढे आणायला निघाली, तिला थांबवताना माझी पुरेवाट झाली.

मी बूढापाऱ्यात काकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. काका दिवाणावर पेपर वाचत बसले होते. मी म्हणाले, "काका, मला तुमची जागा देतायत. घेऊ का?"

"हव, घे न," ते लगेच म्हणाले. "चांगलं आहे. घे."

"मनापासून म्हणताय?"

"हव."

ज्या माणसानं मला 'हव'चा अर्थ शिकवला, त्याच माणसाचा 'हव' मी पदरात पाडून घेतला, कारण मला तो हवा होता. मी उलटा प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी भैयाजींना होकार कळवला.

धान कापून झालं, टोळी परत आली, बाथरूम झाले, पाणी भरून पाहिलं. एका कोपऱ्यात गळलंच, ते पुन्हा केलं. रोज सकाळी मी काकांचा प्रश्न विचारत होते, चहाही पाजत होते. लोक मला सांगायचेही सगळं. पण काकांच्या खुर्चीत मी बसत नसे. बाजूला एक स्टूल ओढून काम करायचे. कंबर दुखायची आणि वाटायचं, दुखू दे.

उद्घाटनाच्या आधी काकांना फोन केला. "काका, तुम्ही यायचंच. पहिल्या रांगेत."

"हव, येतो न," ते म्हणाले.

मी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आणि कार्यक्रमभर गेटाकडे पाहत राहिले. काका आले नाहीत. मुली ट्रंका घेऊन जिना चढत होत्या, भैयाजी माझं कौतुक करत होते, आणि मी त्या रिकाम्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून तिच्यावर माझी पर्स ठेवून उभी होते.

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा बूढापाऱ्यात गेले. दारात खोकी बांधून ठेवलेली. काकू म्हणाल्या, मुलगा नागपूरला आहे, आता तिकडंच राहायचं ठरलं. "तुले नाही सांगितलं? मी त याइले म्हनलं होतं, पोरीले सांगा." काका आत नुसत्या बनियनवर बसले होते. मला पाहून हसले. "ये, ये. कशी झाली बिल्डिंग?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. जिभेवर शंभर गोष्टी होत्या. मुलींच्या जिवाचा प्रश्न होता काका, तुम्हीच शिकवलं होतं काका, मला जागा नको होती काका. यातलं काही न बोलता मी विचारलं, "काका, काय होणार नाही?"

त्यांचा हात सवयीनं छातीवरच्या खिशाकडे गेला. बनियनला खिसा नव्हता. हात तसाच खाली आला. ते खिडकीबाहेर बघू लागले. मी वाट पाहिली. फुटाण्यांशिवाय वाट पाहणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं.

"त्या बिल्डिंगीत माह्यं येनं होनार नाही," ते म्हणाले. "आता नाही, मंग बी नाही. तू बरोबर बोलली. काही चुकलं नाही तुह्यं. मले वरच्याले नाही म्हनता आलं नाही, जिंदगीभर नाही आलं. मले हे काम जमलं, मानवलं नाही, ते याच्यानंच." मग खूप हळू म्हणाले, "पन मले लागलं, पोरी. बोलाच्या आधी एक वेळ माह्याकडं पाहिलं असतं तुनं, त मीच बोललो असतो."

मला समजावून सांगावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं. त्यांनी माझ्याकडे आणलेली ही बातमी होती आणि अशा बातमीचं काय करायचं ते मला ठाऊक होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. काकू भांडी बांधत होत्या. त्यांच्याकडून पातेलं मागून घेतलं. "साखर कमी टाकजो," त्या म्हणाल्या, "याइची शुगर वाढली." मी चहा केला, गाळला आणि कप काकांच्या हातात दिला.

त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अर्धा कप झाल्यावर त्यांनी विचारलं, "मानवते का मंग तुले हे काम?"

"हव," मी म्हणाले.

काकांनी कप बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघत बसले. मी हसले. मग छताकडे पाहिलं. मग साडीचा पदर बोटाला गुंडाळला. ते वाट पाहतच होते.

"नाही काका," मी म्हणाले. "जमतंय. पण तुमच्या खुर्चीत मला बसवत नाही. रोज पोटात दुखतं." आणि मला रडू आलं.

काकांनी मला उगी केलं नाही. दिवाणावरून पुढे वाकून त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि हाक मारली, "अव, आनखी एक कप टाक व. पोरीनं बी बातमी आनली."